धनी खाणाऱ्या घोडीचा बंदोबस्त

मी, लौ जुंग, आधी दिवंगत फंग हाइ यांची आणि त्यांच्यामागून दिवंगत छाव पेइ यांची बायको, धंदा घोड्यांची दलाली, राहणार वूवेइच्या वेशीबाहेरची घोडेगल्ली, आज पूर्ण शुद्धीत, भरल्या पोटी आणि कोणाच्याही दाबाखाली न येता हे माझे शेवटचे म्हणणे लिहवून ठेवते. हात कापतो, तोंड कापत नाही, म्हणून मी बोलते आहे आणि लेखनिक पियन लाकडी पट्ट्यांवर उतरवून घेत आहेत. त्यांना ताकीद आहे की मी बोलेन ते जसेच्या तसे लिहावे. उगाच चाकू काढून माझे शब्द खरवडायचे नाहीत.

पियन लगेच विचारतात, "जुंगबाई, ते 'भरल्या पोटी' तेवढं खरवडू का? असं कोणी लिहीत नाही."

"उपाशी माणूस रागाच्या भरात काहीही देऊन टाकतो नाहीतर काढून घेतो. मी जेवून बसले आहे. राहू दे."

पहिली गोष्ट माझ्या मरणाची. ते अजून आलेले नाही. पण येईल तेव्हा कारण सांगायला मी नसेन आणि गल्लीला तोंड आहे, म्हणून आधीच नोंदवते. मी मरेन ती म्हातारपणाने मरेन. गुडघे गेले, दात गेले, डाव्या कानाने राजीनामा दिला. उरलेला कारभार किती चालायचा? फार तर जास्त खाऊन मरेन, कारण सध्या खरबुजांचे दिवस आहेत. माझ्या मरणाशी माझी घोडी शेवंती हिचा काडीचाही संबंध नसेल. ती मला लाथ मारताना चारचौघांनी पाहिली तरी नसेल. तशी वेळ आली तर माझीच काहीतरी चूक झाली असे समजावे.

हे एवढे ठासून का सांगते? तर शेवंतीच्या कपाळावरून एक पांढरा पट्टा नाकाडावर उतरतो आणि थेट वरच्या ओठात शिरतो. आमच्याकडे घोडा घेताना माणसे त्याचे दात बघायच्या आधी त्याच्या अंगावरचे भोवरे आणि पट्टे बघतात. सगळ्या खोडींत ही गोम वाईट. असा घोडा धनी खातो, म्हणतात. चाकर बसला तर परमुलखात मरतो, मालक बसला तर घरात मरतो. घरात तर सगळेच मरतात, पण हे बोलून दाखवले की लोक मलाच वेड्यात काढतात. मी गेले की दुसऱ्या दिवशी गल्ली म्हणणार, "बघा, खाल्ली शेवटी घोडीनं म्हातारीला." आणि त्याच्या पुढच्या दिवशी शेवंतीच्या गळ्यावर सुरी. हे मृत्युपत्र त्यासाठी आहे. घर, शेत, भांडी मी ओघात वाटून टाकते.

घर. राहते घर, अंगण आणि विहिरीचा निम्मा हिस्सा माझा मुलगा छाव यान याला. चतुःसीमा शेंबड्या पोरालाही ठाऊक आहेत. पूर्वेला लोहार, पश्चिमेला लोहाराची सासू. त्या दोघांचे भांडण मधून जाते ती आपली हद्द. यान सरकारी टपालघोड्यांच्या चौकीवर कारकून आहे. दिवसभर घोड्यांत असतो, अक्षर सुरेख आहे, बायकोपोरांना जपतो. भित्रा आहे, पण गुणी आहे.

"भित्रा लिहू?" पियन विचारतात. यान समोरच बसला आहे.

"दोन्ही लिहा. एक लिहून दुसरं गाळलं तर खोटं होईल."

यान म्हणतो, "लिहा हो काका. बाहेर कुणाला माहीत नाही असं थोडंच आहे?" बघा, म्हणूनच गुणी म्हणते.

शेत. नदीकाठचे लसूणघासाचे शेत माझी मुलगी मिन हिला. मिन नदीपलीकडे सासरी नांदते, आज यासाठी मुद्दाम आली आहे. हा घास पश्चिमेकडून उंच घोड्यांच्या पाठोपाठ आपल्या मुलखात आला, आणि माझे दुसरे यजमान छाव पेइ यांनी त्याचे बी चक्क एका उंटवाल्याच्या उशीतून मिळवले. कसे मिळवले ते लिहीत नाही, कारण उंटवाल्याचे नातू हयात आहेत. मिनने दरवर्षी पहिली कापणी गाभण घोड्यांना घालावी, मग कोणाच्या का असेनात. या बाबतीत माझ्या घरी शत्रू-मित्र पाहिलेला नाही.

हत्यारे. खरारे, मोहरक्या, खूर साफ करायची आकडी आणि तोबरे मिनला. डागणी मात्र नदीत टाकावी. सरकारी घोड्यांवर डाग हवा हे खरे, पण माझ्या दारात पुन्हा तो वास नको.

माकड. तबेल्यात माकड ठेवले की घोड्यांची दुखणी माकडावर जातात, असे बापजाद्यांपासून चालत आले आहे. आमच्या माकडावर आजवर एकही दुखणे गेलेले नाही. घोडे खोकतात आणि हे शेजारी बसून त्यांचे हरभरे सोलून खाते. त्याचे नाव पागेदार. ते मी पांगशेट यांना देते.

पांगशेट आमचे शेजारचे घोडेव्यापारी आणि या मृत्युपत्राचे पहिले साक्षीदार. ते ताडकन उठले. "मला? मी काय पाप केलंय?"

"सांगू? पियन आहेतच लिहायला."

ते बसले. तरी सांगते, कारण मृत्युपत्रात हिशेब चुकते करावेत असे म्हणतात.

माझे पहिले यजमान फंग हाइ घोडदळात होते. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात सरहद्दीच्या भिंतीपलीकडे तंबूवाल्या भटक्यांशी चकमकीत पडले. घोडा एकटा परत आला. फंग हसले की घोडेही कान टवकारायचे, असा माणूस. दुसरे छाव पेइ. माझ्या मुलांचे वडील. धंदा मला त्यांनी शिकवला आणि जेवणाची पैज लावायची खोड त्यांना होती. अख्खे मेंढरू एका बैठकीत खाईन म्हणाले. खाल्ले! जिंकले! तसेच हसत आडवे झाले ते उठले नाहीत. मी रडले तेव्हा इतकी रडले की तबेल्यातली घोडी दावणीवरून माझ्याकडे बघत राहिली. पण आज त्यांची आठवण आली की मला आधी ते रिकामे ताट दिसते आणि हसूच येते.

गल्लीला मात्र रडू आले नाही, हसूही आले नाही. तिला अर्थ सापडला. दोन नवरे गेले म्हणजे बाई पांढऱ्या पायाची. धनी खाणारी.

त्यानंतर चार वर्षांनी पांगशेटनी मला मागणी घातली. रीतीप्रमाणे रानहंस पाठवला, जिवंत, पायाला लाल दोरा बांधलेला. मला पांगशेट आवडायचे. आज सांगायला काय जाते? पण त्याच दुपारी कोणा ज्योतिषाने त्यांना सांगितले, दोन झाले, आता तिसऱ्याची पाळी. संध्याकाळच्या आत त्यांचा माणूस दारात. "मालक म्हणतात, हंस परत द्या."

हंस तोवर चुलीवर होता. मी त्या माणसाला बसवून वाटीभर रस्सा वाढला. "मालकांना सांग, चांगला शिजला."

पांगशेट आत्ता मान खाली घालून हसत आहेत. माकडाला त्यांच्या टकलावर बसायला आवडते, हे मला पूर्वीपासून माहीत आहे. फिटंफाट.

तर शेवंती. त्याच वर्षी नवव्या महिन्यात, शेवंतीची फुले येतात तेव्हा, बाजारात एक घोडी व्याली. शिंगरू उभे राहिले, माणसांनी कपाळ पाहिले, आणि मालकाने तिथल्या तिथे सुरी मागवली. मी गर्दीतून पुढे गेले. शिंगराचे पाय अजून लटपटत होते. तोंडभर तो पट्टा, जणू दूध पिताना सांडून घेतलेले. लोक म्हणत होते, "धनी खाईल, धनी खाईल." मला माझ्याबद्दलच बोलतात असे वाटले.

मी म्हटले, "द्या इकडे. माझ्या घरात खायला धनी उरलेलाच नाही."

मालकाने दोन टोपल्या चाऱ्यावर ती देऊन टाकली, वर माझे पाय धरले. अशा रीतीने गल्लीतल्या दोन्ही धनी खाणाऱ्या एका छपराखाली आल्या. तेव्हापासून आजतागायत मी तिची मालकीण आहे, आणि तिने माझे काही खाल्ले असेल तर माझ्या टोपीची कड.

यान तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता. पहिला महिनाभर तो शिंगराजवळच झोपायचा. "आई, मी हिच्यावर पहिला बसणार," असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. मग गल्लीतल्या पोरांनी त्याला पट्ट्याचा अर्थ सांगितला. दुसऱ्या दिवसापासून त्याने अंथरूण उचलून घरात आणले. शेवंती बिचारी दाराकडे बघत बसायची.

मोठी झाल्यावर घोडी अशी निघाली की काय सांगू! चाल दुडकी, पण पाठीवर पाण्याची वाटी ठेवा, थेंब सांडणार नाही. बर्फातून वाट काढणारी, डोंगराच्या सोंडा चढणारी, वाळूचे वादळ यायच्या आधी तोंड फिरवणारी. तंबूवाल्यांचे व्यापारी सुद्धा तोंडात बोट घालायचे. मग कपाळ बघायचे आणि घोडीच्या आंबट दुधाची पिशवी उचलून चालते व्हायचे.

एक जुना राग इथे लिहून मोकळी होते. आमच्या तालुक्याच्या मेजवान्यांत घोडीवर बसून आलेल्याला पंगत नाही, असा एक शिष्टाचार आहे. म्हणे घोडी पाहून पाहुण्यांचे घोडे बेताल होतात. मी शेवंतीवर बसून गेले. दारावरचा शिपाई म्हणाला, "बाई, घोडी बाहेर, तुम्हीही बाहेर." ठीक. मी बाहेर चटई टाकली. आत बडी मंडळी ताठ मानेने लापशी गिळत होती. बाहेर मोतद्दार, स्वयंपाकी, गाडीवान, सगळे माझ्याभोवती. कुणीतरी राळ्याची दारू आणली, कुणीतरी आतली मेंढीची तंगडी लांबवली. मी घोड्यांच्या गमती सांगायला लागले. थोड्या वेळाने आतले पाहुणे एकेक करून "जरा घोड्याकडे बघून येतो" म्हणत बाहेर. शेवटी आत फक्त यजमान उरले. तेव्हा त्या यजमानांच्या वारसांना मी माफ करते. त्यांच्यामुळे माझी एक संध्याकाळ फार छान गेली.

आता यानची गोष्ट. ती ऐकून तो लाजेल, पण यातूनच पुढचे कळेल. बऱ्याच वर्षांपूर्वी राजधानीहून एक अधिकारी फौजेसाठी घोडे निवडायला आले. मी घास कापायला शेतावर होते. यानने काय करावे? काजळी मेंढीच्या चरबीत कालवली आणि शेवंतीचा पट्टा ओठांपर्यंत बेमालूम रंगवला. मग तिला बाजारात नेऊन उभी केली.

अधिकारी तिच्याभोवती फिरून फिरून थकले. "काय छाती! काय पाय! आणि कपाळ कसं स्वच्छ!" म्हणत त्यांनी प्रेमाने कपाळावरून नाकाडापर्यंत हात फिरवला. ऊन होते. मग त्याच हाताने स्वतःच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत घाम पुसला.

मी पोचले तेव्हा सगळा बाजार साहेबांच्या तोंडाकडे बघत होता. घोडीचे कपाळ पांढरे, साहेबांचे काळे. पट्टा अगदी ओठात उतरलेला. आणि पांगशेट ओरडले, "सांभाळा रे, साहेबच धनी खाणारे निघाले!"

अधिकारी दिलदार. पाण्याच्या हौदात वाकून स्वतःला पाहिले आणि असे हसले की हौदाला धरून खाली बसले. "घोडी राहू द्या, आधी रिठे आणा," म्हणाले. यान पांढराफटक पडला होता. मी त्याला घरी आणला. मारणार होते, पण मलाच हसू आवरेना. हसून झाल्यावर विचारले, "का रे बाबा? पैशासाठी?"

"नाही."

"मग?"

"तिची मालकीण तू आहेस, आई. ती फौजेची झाली असती तर तू वाचली असतीस."

माझे हसू तिथे थांबले. पोरगा घाबरतो ते माझ्यासाठी घाबरतो. त्या दिवसापासून मी त्याला घोडीवरून कधी टोचून बोललेले नाही. आज बोलते आहे, पण आज मृत्युपत्र आहे.

आता मुद्द्यावर येते. मागच्या पंधरवड्यात मी चाऱ्याच्या कोठीत बसले होते. बाहेर यान आणि तिंग गुरुजी बोलत होते. तिंग गुरुजी, आजचे दुसरे साक्षीदार, आमच्याकडे कबरी आखतात, मयताचे दस्त लिहितात.

गुरुजी म्हणाले, "मोठ्या घरच्या माणसाबरोबर घोडा जातो. आईसाहेबांना बसायला घोडी होईल, लोक तुमच्या भक्तीचं नाव काढतील, वर चौकीत बढतीसाठी चार चांगले शब्द जातील, आणि घरातली पीडाही जाईल. काय वाईट आहे?"

यान म्हणाला, "जिवंत पुरायची?"

"छे छे! आधी मारून."

"आईला कळलं तर?"

"आईसाहेब तेव्हा गेलेल्या असतील ना!"

मी कोठीचे दार उघडले. "गेले तरी उजवा कान शाबूत राहील हो गुरुजी!"

गुरुजींच्या हातातली मोजायची दोरी त्यांच्याच पायात गुंतली. यान उभा होता तिथेच उभा. "आई, ती मला देऊन जाऊ नकोस," एवढेच म्हणाला. "तू गेलीस की थोरला वारस मी. ती माझी होणार. माझी पोरं लहान आहेत गं."

रागावू कशी? त्याने खरे तेच सांगितले. त्यानंतर गेल्या सणाला सगळे जेवायला बसले तेव्हा मी सरळच विचारले, "माझ्यामागं शेवंतीला कोण घेणार?"

मिन घास तोंडात असतानाच बोलली, "मी! आत्ता घेते. पण सासूबाई म्हणतात, ती घोडी दारात तुमची म्हणून आली की मी माहेरी निघून जाईन."

"मग तर घेच!"

"आई, त्यांना माहेर उरलेलं नाही. माझ्याच माहेरी येऊन राहतील. तुझ्याकडे."

मी पांगशेटकडे पाहिले. ते घाईघाईने म्हणाले, "घोडी नको, हवं तर माकड घेतो!" (ते विसरले असतील, मी विसरले नाही.)

"मग कोणाचीच नको," मी म्हटले. "मोकळी सोडा."

यानने मान हलवली. "बेवारस घोडा आमच्या चौकीत जमा होतो, आई. पट्टा दिसला की थेट कसायाकडे. मीच तशा पट्ट्या लिहितो."

धनी असला तर तो मरणार म्हणून घोडी मारायची, धनी नसला तर बेवारस म्हणून घोडी मारायची. अशी ही गोम. मला दोन दिवस अन्न गोड लागले नाही, आणि माझ्या बाबतीत ही केवढी गोष्ट आहे हे घरच्यांना विचारा.

परवा तिंग गुरुजी पुन्हा आले. या वेळी माझ्या कबरीच्या जागेचे खरेदीखत घेऊन. ही रीत सगळे करतात, मीही दोन्ही यजमानांच्या वेळी केली होती. जागा भूमिदेवतेकडून रीतसर विकत घ्यायची, खत शिशाच्या पत्र्यावर कोरून मयताजवळ ठेवायचे, म्हणजे खालचे जुने रहिवासी भांडायला येत नाहीत. गुरुजींनी वाचून दाखवले. पूर्वेला अमुक, पश्चिमेला तमुक, जमिनीखाली काही सापडल्यास तेही लौ जुंग हिचेच.

मी म्हटले, "थांबा. ही जागा मी मेल्यावर कोणाची?"

"तुमचीच."

"कधीपर्यंत?"

"दगड झिजेपर्यंत. पक्कं खत आहे, जुंगबाई. वर-खाली कुठेही चालेल."

"म्हणजे मेलेला माणूस मालक असू शकतो?"

"अलबत! नाहीतर आम्ही खतं कशाला करतो?"

मी मांडीवर थाप मारली ती अशी की पागेदार छपरावर पळाला. "मग झालं! शेवंतीची मालकीण मीच राहणार. मेल्यावरही. आता खा म्हणावं धनिणीला! मेलेलीला आणखी कशी मारणार?"

गुरुजी गोंधळले, पण धंद्याचे पक्के. "तुमची असेल तर मग ती तुमच्याबरोबर खाली यायला हवी."

"का? ही जमीन माझी म्हणता, मग ती काय गुंडाळून पेटीत घालणार आहात? जमीन जमिनीच्या जागी, घोडी घोडीच्या जागी. दावण वर आहे, ती वर राहील."

"पण मग बसायला?"

"मातीची करून घेतली आहे."

खरेच घेतली आहे. कुंभाराकडे सगळे जण शेपटी उचललेला, तोंड वासलेला घोडा करून घेतात. मी घोडी मागितली. त्याने छान केली, पण कपाळावर पट्टा काढायला हात लावीना. म्हणाला, "बाई, मेलेल्यालाही कोणी असा घोडा देत नाही." मग चुन्यात बोट बुडवून पट्टा मीच काढला. थोडा वाकडा आला आहे. शेवंतीने हुंगून पाहिली आणि शिंकली.

तेव्हा आता हे कलम पियन यांनी मोठ्या अक्षरात लिहावे.

शेवंती नावाची तांबूस घोडी, कपाळावर पट्टा असलेली, ही माझ्या हयातीत माझी आहे आणि माझ्या पश्चातही माझीच राहील. ती कोणाला दिलेली नाही, विकलेली नाही, कोणाच्या वाट्याला गेलेली नाही. तिच्यावर मालकी सांगणाऱ्याने आधी मला विचारावे. ती बेवारस नाही, कारण तिची मालकीण सर्वांना माहीत आहे आणि तिचा कायमचा पत्ताही खतात कोरलेला आहे. माझी मुलगी मिन हिला ती मी उसनी देत आहे. मिन तिची धनीण नाही, हे मिनच्या सासूबाईंना वाचून दाखवावे. उसनी वस्तू मूळ मालकाने मागितल्याशिवाय परत करायची नसते. मी मागायला स्वतः येईन. माझ्या नावाने दुसरा कोणी मागायला आला, मग तो गुरुजी असो, अधिकारी असो, नाहीतर लोहाराची सासू असो, तर त्याने माझ्या हातचा निरोप आणावा. तो आणायला कुठे जायचे ते तिंग गुरुजी दाखवतील.

शेवंती आपल्या मरणाने मरेल तेव्हा तिला लसूणघासाच्या शेताच्या कडेला पुरावे. कातडे काढू नये.

पियन यांनी कलम सगळ्यांना वाचून दाखवले. तिंग गुरुजी दाढी कुरवाळत म्हणाले, "यात मला चूक काढता येत नाही."

पांगशेटनी 'उसनी' या शब्दावर बोट ठेवले. मग म्हणाले, "जुंगबाई, हे तुम्हाला तेव्हा का नाही सुचलं? मी धनी न होता नुसता उसना राहिलो असतो!"

सगळे खो-खो हसले. मीही. पियन यांची शाई सांडली, म्हणून वरची पट्टी डागाळलेली आहे. तो डाग खाडाखोड समजू नये.

यान मात्र हसत नव्हता. तो पट्टी हातात घेऊन ते कलम पुन्हा पुन्हा वाचत होता. कारकून आहे, शब्दात पळवाट आहे का ते बघत असेल असे मला वाटले. मग त्याने विचारले, "आई, उसनी घेतलेल्याला काही होत नाही ना?"

"मी घेतलेली उसनी चाळण लोहाराकडे कधीची परत गेलेली नाही. काय झालंय मला?"

"मग मिनच्या आधी…" तो थांबला. तीस वर्षांचा बाप्या, पण आवाज अगदी नऊ वर्षांचा. "मिनच्या आधी, आजच्या दिवस, मला देतेस उसनी?"

मी तबेल्याकडे बोट केले.

तो उठून तबेल्यात गेला. शेवंती आता म्हातारी आहे, पण त्याचा पाय वाजताच तिने दावणीवरून मान वळवली. त्याने तिच्या पट्ट्यावर तळहात ठेवला, बराच वेळ. खोगीरही घातले नाही. केसाळी धरून वर चढला तो पहिल्यांदा पलीकडे पडायलाच आला. ती हलली नाही, त्याला नीट बसू दिले. मग गल्लीतून दुडकी, वेशीपाशी भरधाव. आणि माझा भित्रा पोरगा ओरडत होता, काय ओरडत होता कळत नव्हते, पण ओरडत होता. लोहार भाता सोडून बाहेर आला. मिन पायऱ्यांवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. साक्षीदार सह्या करायच्या आधीच पळत बाहेर गेले. तिंग गुरुजींनी मला हात देऊन दारापर्यंत आणले. नदीकाठाने धुळीचा लोट उठलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. फार सुख झाले. हे पियन यांनी जसेच्या तसे लिहावे.

वरील सर्व मी राजीखुशीने सांगितले, वाचून घेतले, बरोबर आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि बहुधा पुन्हा करावे लागणार नाही, पण तब्येत बरी आहे, सांगता येत नाही.

लिहून देणार: लौ जुंग, अंगठा.

साक्षीदार: पांग, घोडेव्यापारी. माकडाचा ताबा मिळाला.

साक्षीदार: तिंग, कबरी आखणारे. खत आणि कलम जुळतात.

उसनी घेणार: लौ जुंग हिची मुलगी मिन. घोडी अद्याप हाती आलेली नाही.

लेखनिक: पियन. काहीही खरवडलेले नाही.

स्थळ: वूवेइ, घोडेगल्ली. घोड्याचे वर्ष, नववा महिना, पौर्णिमेचा दुसरा दिवस, दिवेलागणीच्या आधी.

थोरला वारस छाव यान: सही राहिली आहे. अजून परतलेला नाही.